वृंदाच्या पोटातला पडदा

दिगंबर आणि वृंदा पहिल्यांदा भेटले ते एकोणसत्तरच्या गणपतीत, कलकत्त्यातल्या मराठी मंडळींच्या मंडपात, आणि भेटताक्षणी त्याने तिच्या डब्याची झडती घेतली. खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सच्या नोकरीला लागून त्याला दीडच वर्ष झालं होतं, पण सरळ तळाची पेटी जगात असते यावरचा त्याचा विश्वास उडाला होता. डबा बाहेरून खोल नि आतून उथळ कसा, म्हणून त्याने एकवीस मोदक एकेक करून काढले आणि तळ ठोकून पाहिला. तोवर आरत्या संपल्या, मंत्रपुष्पांजली झाली, हावड्याची माणसं घरी पोचून जेवलीसुद्धा.

"मोदकांना सील लावून देता का आता?" कलकत्त्यातच जन्मलेल्या वृंदाने विचारलं.

पुढच्या वैशाखात त्यांचं लग्न झालं.

चार वर्षांत तिला तीनदा दिवस राहिले, आणि तिन्ही वेळा चौथा महिना पुरा व्हायच्या आत सगळं संपलं. शेवटी डॉक्टर लाहिरींनी गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे काढला. मधोमध वरून खाली उतरलेला एक पडदा, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन अरुंद खोल्या. "पोट उघडून तो दूर करता येईल," डॉक्टर म्हणाले. "मग मूल टिकण्याची आशा बरी. खात्री नाही."

दिगंबरने फक्त पहिलं वाक्य ऐकलं. आतला कप्पा सापडला होता.

ऑपरेशनच्या दिवशी त्याने व्हरांड्यात इतक्या येरझारा घातल्या की फरशी पुसणारी मावशी वैतागली. "बाबू, चालायचंच तर एका बाजूने चाला."

डॉक्टर बाहेर आले. वृंदा बरी होती. दिगंबरने हात जोडले आणि विचारलं, "पडदा कुठे आहे?"

"कुठे म्हणजे?"

"काढलेला. बघायचा होता."

"काढला नाही, दिगंबरबाबू. मधोमध चिरला आणि भिंती पुन्हा शिवल्या."

"पण डॉक्टरसाहेब, पकडलेला माल समोर ठेवावा लागतो."

"तुमच्या गोदीत," डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

झालं. ऑपरेशन खरंच झालं का, ही शंका त्याला बसू देईना. सहा महिने दिवस राहू द्यायचे नव्हते. ते सहाही महिने तो टाक्यांचा व्रण न्याहाळत राहिला.

"अहो, वरून बघून आतलं कळत असतं तर डॉक्टर इतकं शिकले कशाला?" वृंदा म्हणायची. पण पदर बाजूला करून तीही बघायची.

दुसऱ्या एक्स-रेत एकच खोली दिसली. दिगंबरने फिल्म खिडकीशी धरली, उलटी करून पाहिली, आणि उभ्या आयुष्यात प्रथमच दुसऱ्याच्या तपासणीवर समाधान मानलं. तेवढ्यापुरतंच. मग तारखा मोजणं सुरू झालं. वृंदाची पाळी दोन दिवस लांबली की तो ट्रॅममधून एक थांबा आधीच उतरायचा आणि उरलेली वाट भरभर चालायचा. एकदा नऊ दिवस लांबली. त्या नऊ दिवसांत त्याने गोदीत एकही पेटी नीट तपासली नाही.

दहाव्या दिवशी पाळी आली.

अठ्ठ्याहत्तर साली त्यांची बदली कांडल्याला झाली. वृंदाला पुन्हा दिवस राहिले नाहीत.