शरयू मॅडमचे यात्रेकरू

कमलाबाईंचा फोन आला तेव्हा मी परीक्षेच्या हॉलमध्ये होते. पर्यवेक्षकाने फोन घ्यायचा नसतो, म्हणून दोनदा वाजू दिला. तिसऱ्यांदा पर्स थरथरली तेव्हा व्हरांड्यात गेले. "दीदी, मैडम नहीं रहीं," त्या म्हणाल्या. "सुबह चाय लेकर गई तो..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मी आत आले आणि उरलेला दीड तास मुलांना पुरवण्या वाटत राहिले. कोणाला काही बोलले नाही. बोलले असते तर हेही सांगावं लागलं असतं की मागचे तीन गुरुवार मी मॅडमकडे गेले नव्हते. आता या गोष्टीला महिना होऊन गेला. आज ते लिहून टाकते आहे.

प्राध्यापक शरयू दिघे इंदूरच्या एका कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवत. त्यांच्या संशोधनाचा विषय ऐकून लोकांना मजा वाटे. मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये लोक तीर्थयात्रेला निघत, त्या यात्रांवर कवींनी लिहून ठेवलं, आणि सहाशे वर्षांनी सुदामा नगरातल्या एक बाई त्या यात्रेकरूंचा हिशेब लावत बसल्या होत्या, कोण पुढे चालतं, कोण मागे राहतं, कोणाला बोलू देतात. आमच्या एम.ए.च्या पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर तीन खण काढले. "त्या काळी समाजाचे तीन खण मानत," त्या म्हणाल्या. "लढणारे, प्रार्थना करणारे, राबणारे. सरदार पहिल्यात, मठवासी आणि जोगिणी दुसऱ्यात, नांगर धरणारा तिसऱ्यात. मग गावांत पैसा आला. व्यापारी, वकील, वैद्य, सुतार, विणकर आले आणि ते कुठल्याच खणात नीट बसेनात. माझ्या मते खरी गंमत तिथून सुरू होते." मग म्हणाल्या, "आणि बघा, यातल्या बहुतेकांना नावंच नाहीत. ते धंद्याने ओळखले जातात."

दुसऱ्या आठवड्यात त्या आम्हा नऊ जणांना घेऊन सियागंजच्या घाऊक बाजारात गेल्या. हातात वही, आणि एकच काम. एक माणूस निवडायचा आणि तो कसा दिसतो ते लिहायचं... दात, चपला, कमरेला काय खोचलंय, कोणाशी कसा बोलतो. बाकीच्यांनी पेढीवर बसलेले शेठ निवडले. मी एका हमालावर लिहिलं. पाठीवर मिरचीचं पोतं घेताना तो आधी डोळे मिटून घ्यायचा, तेवढंच माझ्या लक्षात राहिलं होतं. मॅडमनी ते वर्गात वाचून दाखवलं. तास संपल्यावर मला थांबवून विचारलं, "रंजना, तुझे आजोबा काय करत होते?"

या प्रश्नाचा रोख मी लहानपणापासून ओळखते. आडनावावरून नेमकं कळत नाही तेव्हा लोक आजोबांकडून येतात. मी जरा ताठ होऊन म्हटलं, "फौजेत होते, महूला. आम्ही बौद्ध आहोत."

त्यांनी मान हलवली. फळ्यावर त्या दिवशीही ते तीन खण काढलेले होते. त्यांनी पहिल्या खणावर बोट ठेवलं. "मग तू इथली, लढणाऱ्यांतली. आमचे पूर्वज दरबारात कारकुनी करायचे, म्हणजे या वकील-व्यापाऱ्यांसारखेच, धड कुठलेच नाही. मी तुझ्या मागे चालणार."

एवढंच. त्या हे विसरूनही गेल्या असतील. पण मी घरी जाऊन बाबांना सांगितलं. ते जेवत होते. जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "अशी बोलली ती बाई?" पुढे कितीतरी वर्षं घरी कोणी आलं की ते हा किस्सा सांगत, आणि दर वेळी त्यात एखादं वाक्य पदरचं घालत. मी इंग्रजीच शिकवायचं ठरवलं ते त्या बोटामुळे, असं आज म्हटलं तर खोटं होणार नाही.

पुढे मी त्याच विभागात लागले. मॅडम निवृत्त झाल्या. त्यांचे यजमान गेले, मुलगा अमोल नोकरीसाठी बंगलोरला स्थिरावला. मॅडम त्या यात्रेकरूंवर मराठीत पुस्तक लिहीत होत्या. दर गुरुवारी चार वाजता मी जायची, बाहेरच्या खोलीत बसायचो, त्या लिहिलेलं वाचायच्या आणि कमलाबाई पोहे आणून ठेवायच्या. कमलाबाई स्वयंपाकापासून औषधांपर्यंत सगळं बघत. एका गुरुवारी वाचता वाचता मॅडम अडल्या. शेजारच्या जोशी वकिलांचं काहीतरी सांगायचं होतं आणि नाव आठवेना. "अरे ते... वकील," त्या म्हणाल्या. आम्ही हसलो. मग दर आठवड्याला एकेक नाव जाऊ लागलं. माणसं मात्र राहिली, धंद्यासकट. दूधवाला, डॉक्टर, इस्त्रीवाला. एकदा मीच गमतीने म्हटलं, "मॅडम, तुमची यात्रा निघाली वाटतं." त्यांना ते इतकं आवडलं की पदर तोंडाला लावून हसल्या. ते हसणं मला अजून ऐकू येतं. मी तसं म्हणायला नको होतं.

दिवाळीत अमोल आला. मॅडम त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "हे बँकेतले आहेत ना?" तो खरंच बँकेत आहे. तो उठून जिन्यात जाऊन उभा राहिला. मी मागोमाग गेले तर म्हणाला, "रंजनाताई, तुम्हाला अजून ओळखते ना ती? बस, फिर ठीक है." मी हो म्हटलं. तेव्हा ते खरं होतं.

आणि मग तो गुरुवार. मी गेले, चपला काढल्या, नेहमीच्या जागी बसायला निघाले. मॅडम म्हणाल्या, "आधी भांडी कर. सकाळपासून पडलीत. मग बस."

"मॅडम, मी रंजना."

"हो, हो," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, उलट समजूत घातल्यासारखा होता. "पण भांडी करून घे ना आधी."

कमलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा जास्त उतरला. "दीदी, इनको अब कुछ समझता नहीं," त्या म्हणाल्या. मला ते माहीत होतं. आजार काय करतो ते मी वाचलं होतं, डॉक्टरांशी बोलले होते. पण या शहरात, चांगली साडी नेसून, हातात पेपरांचा गठ्ठा घेऊन जाताना मला सोसायटीच्या फाटकावर 'कौनसे घर में काम करती हो' असं विचारलं गेलंय. तेव्हा मी हसून पुढे गेलेय, कारण माझ्यासाठी कोणीतरी कधीतरी पहिल्या खणावर बोट ठेवलं होतं. आता तेच बोट मोरीकडे वळलं होतं. आजाराने त्यांचं इंग्रजी नेलं, नवऱ्याचं नाव नेलं, मुलगा नेला, आणि माणसं लावायचे खण तेवढे जागच्या जागी राहू दिले... की ते कायम तिथेच होते, आणि त्या वर्गात त्यांनी ते मोठ्या कष्टाने, विचारपूर्वक, बाजूला सरकवले होते? मला कळलं नाही. अजून कळत नाही. ज्यांना विचारायचं त्या नाहीत.

मी "येते" म्हणून निघून आले. पुढच्या गुरुवारी पेपर तपासायचे होते. त्याच्या पुढच्या गुरुवारी सर्दी होती. तिसऱ्या गुरुवारी काहीच नव्हतं. मी घरी बसून होते, घड्याळ दिसत होतं, आणि मी गेले नाही. त्यानंतरच्या बुधवारी फोन आला.

तेराव्यानंतर अमोलने बोलावलं. घर विकायचं होतं. पुस्तकाची बाडं त्याने दोन पिशव्यांत बांधून ठेवली होती. "तुम्हीच बघा, ताई, मला त्यातलं काही कळत नाही," म्हणाला. मी आत त्यांच्या निजायच्या खोलीत गेले. इतक्या वर्षांत मी तिथे क्वचित गेले असेन. खिडकीशी वेताची खुर्ची होती, पाठ पलंगाकडे, तोंड बाहेर. मी कमलाबाईंना विचारलं, ही अशी का ठेवलीय.

"आखिर-आखिर में उन्होंने ही घुमवाई," त्या म्हणाल्या. "शाम को बैठती थीं. मैंने पूछा, किसकी राह देख रहे हो? कुछ बोली नहीं."

"किसी का नाम लिया?"

कमलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलणं त्यांना सहज जमलं असतं. "नहीं, दीदी," त्या म्हणाल्या.

कमलाबाई खोलीबाहेर गेल्यावर मी त्या खुर्चीत बसले. वेत मधोमध खचला आहे, बसलं की आपण आपोआप थोडे पुढे झुकतो. तिथून गल्ली सरळ कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत दिसते. मी बसमधून उतरून त्या दुकानापाशीच वळायची. तिथून फाटकापर्यंत यायला मला चार-पाच मिनिटं लागायची. कोपऱ्यावर कोणी वळलं, तर या खुर्चीतून तेवढा वेळ ते माणूस येताना दिसत राहतं.