विलायतेहून आणायचं एक उत्तर

परवा आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी तिसऱ्यांदा बँकॉकला निघाली. दारात येऊन म्हणाली, "मावशी, तुम्हाला काय आणू?" मी म्हटलं, "बाई गं, काही आणू नकोस, आणि कुणाचं काही नेऊही नकोस. हात हलवत जा, हात हलवत ये." तिला वाटलं, म्हातारी तिरसट आहे. आहेच मी तिरसट. पण त्याला कारण आहे.

मी कॉलेजात होते तेव्हा कलकत्त्यातल्या आम्हा मराठी मंडळींत परदेशी जाऊन आलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. आम्ही गार्डन रीचला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. बाबा तिथल्या मुख्य कचेरीत सिग्नलचे इंजिनिअर. आपल्यातलं कुणी विलायतेला निघालं की जाताना हार, येताना हार आणि आल्यावर मराठी मंडळाच्या हॉलमध्ये भाषण. भाषणं सगळी एका साच्यातली. तिकडे रस्ते कसे चकचकीत, गाड्या कशा वेळेवर, नळाचं पाणी कसं सरळ तोंडाला लावतात! लोक माना डोलवायचे, पण डोळे असायचे टेबलाखालच्या पिशवीवर. चॉकलेटच्या एका वडीचे चार तुकडे व्हायचे. ज्या बाईच्या अंगावर नवी नायलॉनची साडी, तिचा पदर चाचपायला बाकीच्यांची रांग लागायची. शेजारच्या बंगाली माशीमा तर 'बिलेतफेरत', म्हणजे विलायतेहून परतलेला, हा शब्द देवाचं नाव घ्यावं तसा घ्यायच्या.

आमच्या आईला यातलं काहीच नको होतं. तिला एक उत्तर हवं होतं.

माझा दादा चार वर्षांपूर्वी लंडनला शिकायला गेला होता. आईला त्याला पाठवायचं नव्हतं. एकुलता एक मुलगा, इथे काय कमी आहे, असं तिचं म्हणणं. बाबांनी तिला शब्द दिला होता. "दोन वर्षं. दोन वर्षांत परत आणतो, जबाबदारी माझी." दोनाची चार झाली. शिक्षण संपलं, नोकरी लागली. पत्रं आधी चार पानी यायची, मग दोन पानी, मग हवापाणी आणि तब्येत. परत येण्याबद्दल अवाक्षर नाही. आई पत्रातून विचारायला तयार नव्हती. "असलं कागदावर विचारू नये," म्हणायची. "समोर बसवून विचारावं, तोंडाकडे बघत."

अशात बाबांची निवड झाली. जर्मनीत तीन आठवड्यांचं ट्रेनिंग, आणि जाताना लंडनला दोन दिवस थांबायची परवानगी. आईनं देवापुढे साखर ठेवली आणि बाबांना म्हणाली, "मला साडी नको, साबण नको, काही नको. त्याला एवढंच विचारा, परत कधी येणार. जे म्हणेल ते तसंच्या तसं मला आणून सांगा." बाबा म्हणाले, "विचारतो. त्यात काय एवढं?"

बातमी फुटायचा अवकाश, आमच्या घरी रांग लागली. आपल्या लोकांची ती रीतच होती. कुणी विलायतेला जातंय म्हटलं की ज्याचं पोर तिकडे तो पुडकं घेऊन हजर. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, मेणानं तोंड बंद केलेली लोणच्याची बरणी. कुणाचा पोळपाट, तिकडे मिळत नाही म्हणून. आणि बेहालाच्या काकूंनी कहर केला. लेकीसाठी पितळेचं पुरणयंत्र आणलं! भलं दणदणीत, तीन तंगड्यांचं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! मी बाबांना म्हटलं, "नाही म्हणा की." बाबा म्हणाले, "अगं, इतक्या लांबून बसनं आल्या बिचाऱ्या." नाही म्हणणं हे बाबांच्या शब्दकोशातच नव्हतं. ज्यानं त्यानं पत्त्याची चिठ्ठी दिली, ती बाबांनी खिशात नीट ठेवली. लंडन म्हणजे आपलं सियालदह ते गार्डन रीच एवढं असेल, असा सगळ्यांचाच समज.

आईनं दादासाठी डिंकाचे लाडू केले होते. एक डबा, आणि हिवाळाभर विणलेला राखाडी स्वेटर.

दमदमच्या विमानतळावर आम्ही सगळे गेलो. आईनं निघताना बाबांच्या हातावर दही घातलं. माशीमा टॅक्सीपर्यंत येऊन, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून "दुग्गा, दुग्गा" म्हणत राहिल्या. विमानतळावर मंडळातले दहा-बाराजण हार घेऊन उभे. बाबा लाजून चूर झाले होते, पण खूश होते. आणि काउंटरवर बॅग वजनाला चढवली तशी ती भरली जास्त. चांगलीच जास्त. कारकून म्हणाला, काहीतरी काढा.

कठड्याच्या आत बाबांनी फरशीवर बॅग उघडली. कठड्याबाहेर आम्ही, आणि आमच्या मागे ते दहा-बाराजण, ज्यांची पुडकी त्या बॅगेत होती. मी ओरडले, "बाबा, पुरणयंत्र काढा!" काकू शेजारीच होत्या, पण मला तेव्हा कसली लाज? बाबांनी एकदा पुरणयंत्राकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. मग लाडवांचा डबा उचलला. वर स्वेटर ठेवला आणि दोन्ही कठड्यावरून माझ्या हातात दिलं. "लोकांनी विश्वासानं दिलंय," असं हळूच म्हणाले. "आपलं काय, आपल्या घरचंच आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आई मात्र हसली. खरंच हसली. म्हणाली, "असू दे हो. लाडवांचं काय एवढं? प्रश्न तेवढा न्या. त्याला काही वजन लागत नाही." बाबांनी मान हलवली आणि आत गेले. ते लाडू आईनं दुसऱ्या दिवशी माशीमांना आणि आम्हाला वाटून टाकले.

आठवडाभरानं बाबांचं कार्ड आलं. सगळ्यांच्या वस्तू पोचल्या, मुलाची भेट झाली, तो मजेत आहे. बास. आईनं ते कार्ड कितीदा वाचलं असेल! "असं कार्डावर कसं लिहितील?" म्हणायची. "कुणीही वाचतं ना. आल्यावर सांगतील सगळं." तीन आठवडे ती स्वयंपाक करताना गुणगुणत होती. मला तिचं गुणगुणणं त्यानंतर कधी ऐकलेलं आठवत नाही.

बाबा परतले. हार झाले. पुढच्या रविवारी दुपारी आमचं घर माणसांनी भरलं, ज्यांची ज्यांची मुलं तिकडे ती सगळी. आणि आमचे अबोल बाबा काय बोलले म्हणून सांगू! एकाच्या मुलाच्या खोलीत गॅसच्या शेगडीला नाणं टाकावं लागतं, तेव्हा ती पेटते. दुसऱ्याचा मुलगा वाळला आहे, पण चेहऱ्यावर तेज आहे. पोळपाट पाहून एक सून रडायलाच लागली. आणि काकूंची लेक? तिनं त्याच संध्याकाळी तिथली कसली तरी डाळ शिजवली, पुरण वाटलं आणि बाबांना पोळी वाढली. काकू डोळे पुसत होत्या. "भावोजी, तुम्ही देवमाणूस," म्हणाल्या. बाबांच्या चेहऱ्यावर मी तसा आनंद फार कमी वेळा पाहिला आहे.

आई पोह्यांच्या बशा घेऊन येत होती, जात होती. दर वेळी दारात थोडी थबकायची. कुणीतरी विचारलंच, "आणि तुमचे चिरंजीव?" बाबा म्हणाले, "तो ना, मजेत! माझ्याबरोबरच हिंडत होता दोन्ही दिवस. रजा घेतली होती त्यानं. बॅग तर त्यानंच उचलली. त्या जमिनीखालच्या गाडीत चढउतार करून दमला बिचारा." सगळे म्हणाले, गुणी मुलगा. आई आत गेली.

शेवटचा माणूस गेल्यावर तिनं बशा तशाच टाकल्या आणि बाबांसमोर येऊन बसली. पदराला हात पुसले.

"अहो, काय म्हणाला?"

बाबा बूट बाजूला सारत म्हणाले, "कशाबद्दल?"

"कशाबद्दल काय! परत कधी येणार?"

"अगं, वेळच मिळाला नाही. इतके पत्ते, एक या टोकाला, एक त्या टोकाला..."

"दोन दिवस तो तुमच्या शेजारी बसून होता ना?"

मला इतका राग आला! लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या आणि घरचं पोर उपाशी, असं मी म्हणालेही. आईनं मला हातानंच थांबवलं.

"राहतो कुठे? खोली कशी आहे?" तिनं विचारलं.

"चांगली आहे. उजेड आहे. पडदे लावलेत. सोफा घेतलाय त्यानं."

"नवा?"

"नवा."

परत जाणारा माणूस सोफा घेत नाही. हे आईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बदल्यांच्या नोकरीत तिनं जन्म काढला होता, आमच्या घरातही सोफा नव्हता. ती कितीतरी वेळ बाबांकडे बघत राहिली. मग बाबा खाली बघून म्हणाले, "विचारलं असतं, तर त्यानं सांगितलं असतं गं."

आईनं तोंडाला पदर लावला. ती आवाज करून रडली नाही. बाबा रडले. ते पत्ते, ते पुरणयंत्र, ती धावपळ कशासाठी होती, ते मला त्या दुपारी कळलं. माझा राग मात्र गेला नाही. आजही गेलेला नाही, खोटं कशाला बोलू?

त्यानंतर आई अगदी साधी वागली. मंडळात कुणी विचारायचं, "काय, मुलगा परत येणार की नाही?" ती म्हणायची, "अजून विचारलेलं नाही हो त्याला." अगदी सहज म्हणायची. पहिल्या वर्षी लोकांना ते खरं वाटलं, पुढे पुढे ते विचारेनासे झाले. दादा एकदा सुट्टीला येऊन गेला. आईनं त्याला रोज नवं काहीतरी करून घातलं, त्याच्या लहानपणीच्या खोड्या काढून हसली, त्याच्या डोक्याला तेल लावून दिलं. जायच्या दिवशी दही हातावर घातलं. विचारलं नाही. बाबांनी नाही, मीही नाही. न विचारलेल्या प्रश्नाच्या आधारावर ती बाई जगत होती, तो आधार कोण काढून घेणार?

मग ती गेली, थोड्याशा तापाचं निमित्त होऊन. दादाला कळवलं, तो धावत आला, तरी सगळं आटोपल्यावरच पोचला. दिवस झाले. पाहुणे पांगले. संध्याकाळी आम्ही तिघं व्हरांड्यात बसलो होतो. नदीवर बोटीचा भोंगा वाजला. दादा एकदम माझ्याकडे वळून म्हणाला, "एक विचारू तुला? आईनं मला एकदाही 'परत ये' म्हटलं नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही. मी वाट बघत होतो गं. तिला वाटत नव्हतं का, मी यावं असं?"

मी काय सांगणार? बाबा शेजारच्याच खुर्चीत बसले होते.