शनी उभा राहिला

निलंग्याच्या भांडीवाल्या उमाशंकरअप्पांना साखरेनं गाठलं, आणि तिनं पहिला घास घेतला तो डोळ्यांचा. लातूरच्या डॉक्टरानं ऑपरेशन ठरवलं, पण नजर राहील अशी हमी काही दिली नाही. तेव्हापासून अप्पांचा एकच धोशा. नजर जायच्या आधी शनीचं कडं एकदा डोळे भरून बघायचं.

दुर्बीण होती की घरात, मोटरीची, हौसेनं घेतलेली. पण अधू डोळ्याला जम बसायला वेळ लागे, तोवर शनी भिंगातून निघून जाई. मोटर त्याच्या मागं नीट चालायची, तर दुर्बीण ज्या दांड्याभोवती फिरते तो दांडा बरोबर ध्रुवाकडं रोखलेला हवा. ध्रुव आपल्याकडं मुळात ठेंगणा. यंदा शेजारच्या सिद्धलिंगानं मजला चढवला, त्याच्या आड गेला. होकायंत्र म्हणावं तर स्लॅबातल्या लोखंडापायी वेड्यासारखं फिरे.

माणूस फसवील, महादेव कशाला फसवील? खालच्या देवळाचं गोमुख उत्तरेला. अप्पांनी त्याच्याच रेघेत दुर्बीण मांडली. शनी रोज पळतच राहिला.

लातूरला निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांची बायको शिवम्मा दिवाबत्ती करून गच्चीवर आली. "अहो, ऑपरेशनच्या तोंडावर शनीला कशाला बोलवून राहिलात? आपल्या पायानं चाललाय, तर जाऊ द्या की!"

अप्पा हसले नाहीत. हसला तो पलीकडच्या गच्चीवरचा सिद्धलिंग.

"अप्पा, गोमुखाचा नेम धरला का काय? रस्ता रुंद झाला तवा देऊळ मागं घेतलं न्हाई का? तुम्ही तवा साखरेपायी दवाखान्यात होता. गवंड्यानं रस्त्याच्या रेघंला बशिवलंय सगळं."

"म्हंजे महादेव बी वाकडाच बसला?"

"बसला न्हाई, बशिवला!"

अप्पांनी गोमुखाचा नाद सोडला. एक उपाय उरला होता. भिंगात लाल उजेडाची आडवी तार होती. तिच्यावर शनी धरायचा. वर सरकला तर दांडा एकीकडं वळवायचा, खाली सरकला तर दुसरीकडं. अप्पांनी डोळा लावला. बराच वेळ लावला.

"शिवम्मा, तू बघ गं. तार दिसंना मला."

डोळा किती गेलाय ते तिला तेव्हा कळलं. पदर खोचून, शनीला आधी हात जोडून ती वाकली.

"वर चाललाय. अजून वरच. आता खाली... लई फिरवलंत! हां, जरा मागं. उभा राहिला बघा, खांबावानी!"

आता घाई नव्हती. अप्पांनी भिंगाला डोळा लावला. शिवम्मा मनात 'ॐ नमः शिवाय' म्हणत राहिली, मोजायचं विसरून.

"दिसलं का कडं?"

अप्पांनी भिंग जरा पुढं-मागं केलं. मग म्हणाले, "तू मघाशी बघितलंस न्हवं? कसं हाय, सांग."

"बारीक हाय. परात आडवी धरल्यावर नुसता काठ दिसतो की, तसं. दोन्ही अंगांनी भाईर आलेलं."

अप्पांनी डोळा हलवला नाही.

"हाव," ते म्हणाले, "तसंच असंल."