अंग रगडायची जोडी

अमरावतीच्या आमच्या आखाड्यात चाळिशीनंतर मल्लखांब शिकणारे आम्ही दोघेच. मी कापसाचा दलाल आणि ते वकील. याच माणसानं उलटतपासणीत मला लबाड ठरवून माझा दावा पाडला होता. आखाड्यात कसरतीनंतर जोडीदारानं जोडीदाराचं अंग रगडायची रीत होती. वस्तादांनी नेमकं आम्हा दोघांना जोडीला लावलं.

वकील खांबावरून घसरले, की न्यायाधीशापुढे म्हणावं तसं खांबाला "मान्य" म्हणत आणि पुन्हा चढत. मांड्या इतक्या भरून येत, की कोर्टात खुर्ची टाळून दिवसभर उभेच राहत.

पहिल्या दिवशी मी सगळा राग अंगठ्यात आणून त्यांची पोटरी दाबली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काहून वकीलसाहेब, लय दुखून राहिलं काय?"

"दुखते. पण थांबू नका, शेटजी. उद्या मले वर जायचं आहे."

माझी पाळी आली तेव्हा मी दात आवळून पालथा पडलो. त्यांनी पाठीतली दुखरी शीर शोधली आणि हलक्या हातानं मोकळी केली.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधी खांबाच्या टोकाच्या बोंडावर पोचले. दाव्याचं मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. पण माझी पाठ मी दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही.