तातेराव गुरुजींचं एकमत

तातेराव गुरुजींइतका वाचलेला माणूस आमच्या गावात नाही, आणि त्यांच्याइतकं डोकं उठवणाराही नाही.

दर रविवारी वंदना झाली की विहारात त्यांचा अभ्यासवर्ग भरतो. सुधारणा की क्रांती, मतपेटी की रस्ता, सगळं असं उलगडून सांगतात की ऐकत राहावं. नियम एकच, त्यांचाच: एकानेही नाही म्हटलं तर ठराव होत नाही. "बहुमत म्हंजी जास्त लोकांची दादागिरी," असं त्यांचं म्हणणं. बारा वर्षांत आमचं एकमत फक्त बिनसाखरेच्या चहावर झालं, तेही गुरुजींच्या शुगरमुळे.

आमच्या गावात एसटी येत नव्हती. गुरुजींची नात प्रीती बारावीला, जाफराबादला जीपने जायची. जीपमध्ये पोरं अंगचटीला येऊ लागली, तशी तिने जाणंच सोडलं. तिची आई बेबीनंदा थेट वर्गात आली.

"बस मागू. सह्या द्या, समदे मिळून डेपोत जाऊ."

आम्ही दहा जण हो म्हणालो. अकरावे गुरुजी.

"बस भेटली की लोकांचा राग थंडा होतो. सरकारला तेच पाह्यजे. आधी जाणीव, मंग मागणी."

"मामा, तवर पोरीनं घरीच बसावं का?"

सासऱ्यांनी सुनेला तासभर उत्तर दिलं. उत्तर बिनतोड होतं. काय चाटायचंय त्याला! असे चार महिने गेले आणि आम्ही दहा शहाणे, नियम आहे म्हणून माना हलवत बसलो.

शेवटी बेबीनंदाने कुणाला विचारलंच नाही. चाळीस बाया घेऊन डेपोच्या फाटकात बसली. आठव्या दिवशी बस सुरू झाली.

त्या बसमध्ये प्रीती नव्हती. हजेरी भरली नाही म्हणून कॉलेजने तिला परीक्षेला बसू दिलं नाही. पोरीचं वर्ष गेलं.

आणि त्या रविवारी गुरुजींनी विषय काय काढावा? बसचं आंदोलन: यश की तडजोड! मला उठून जावंसं वाटलं. तेवढ्यात बेबीनंदा येऊन दारातच बसली.

"आज इषय मी देते. प्रीतीचं वर्ष कोणामुळं गेलं? तुमचाच नियम हाये, मामा. एकमत झाल्याबिगर कोणी उठायचं न्हाई."

मी सतरंजीचे दोरे उपटत राहिलो. चहा पार निवला.

"माझ्यामुळं गेलं," शेवटी गुरुजी म्हणाले. "हाच ठराव. कोणाचा विरोध?"

"माझा हाये," बेबीनंदा म्हणाली, आणि तिनं आम्हा दहा जणांकडं एकेक करून बघितलं.