पूजेला बसलेला लॅपटॉप

"अय्यो मामा, कुंकू लावू नका म्हणत न्हाई मी. बटणांवर नको म्हणतेय एवढंच. एक अक्षत आत गेली तर ते दातात सुपारी अडकल्यागत करतंय."

"मग कुठं लावू? ह्याला कपाळ कुठं हाय?"

"वरती लावा की, काठावर. सुम्मने, उगीच एक बोट."

रघुनाथरावांनी सुनेचा लॅपटॉप उघडून उभा केला. वरच्या काठाच्या बरोब्बर मध्यावर ओल्या हळदीचं बोट ओढलं आणि त्यावर कुंकू टेकवलं. मग दोन पावलं मागं सरून बघितलं. ठीक दिसत होतं. येसाजीरावांच्या तलवारीशेजारी लॅपटॉप बसला, त्याच्याशेजारी मुलाचे, भुवनचे पाने नि मायक्रोमीटर, त्यापुढं बायकोची, गिरिजाबाईची विळी, मिक्सर, गॅसचा लायटर. स्कूटर दारात होती, तिला झेंडूची माळ. खंडेनवमी. त्या दिवशी म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात कुंकू न लागलेलं हत्यार शोधून सापडायचं नाही.

येसाजीराव म्हणजे ह्या घराचा मूळ पुरुष, म्हैसूरच्या फौजेत आलेला. तलवार त्याची. तिच्या पात्याला आता उंदरानं कुरतडल्यागत दाते पडलेत, पण रघुनाथरावांपुढं तसं बोलायची सोय नाही. स्वतः ते घोडदळ पोलिसातनं निवृत्त झालेले. पाठ अजून खोगिरावर बसल्यागत ताठ. त्यांच्या घरी नेम एकच: खंडेनवमीला पूजेत ठेवलेली वस्तू दुसऱ्या दिवशी दसऱ्याची उत्तरपूजा झाल्याबिगर उचलायची नाही. उचलली तर घरचं शौर्य जातं म्हणतात. शौर्य किती उरलंय ते कुणी मोजायला गेलं नाही. नेम मात्र राहिला.

सौम्या ह्या घरची सून. माहेर एच. डी. कोटे तालुक्यातलं. पीयूसी, म्हणजे बारावी, केली ती आर्ट्समधनं, इतिहास, समाजशास्त्र आणि कन्नड. आकडे दहावीत सुटले ते सुटले. लग्न करून म्हैसुरात आली, नवरा भुवन जवळच्या बेळगोळला, कारखान्यांच्या वसाहतीत लेथवर होता, तिथंच पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात तिला गेटवर काम मिळालं. कागदाची रिळं घेऊन लॉऱ्या आत येतात, खोकी घेऊन बाहेर जातात, त्यांच्या पावत्या फाडायच्या. खुर्ची उघड्यावर. दिवसभर लॉऱ्यांची धूळ खायची आणि रातभर खोकायचं. समोर काचेच्या खोलीत अकाउंट्सवाले पंख्याखाली बसलेले दिसायचे.

एकदा तिनं त्या खोलीतल्या साहेबाला सरळ विचारलं, "सर, आत बसायला काय लागतं?"

"डिग्री लागते, अम्मा."

झालं. इथल्याच एका खासगी विद्यापीठात अकाउंटिंग आणि फायनान्सची डिग्री निघाली होती, शनिवार-रविवार वर्ग, परीक्षा घरबसल्या कॉम्प्युटरवर. पण ज्यानं आधी कॉमर्स केलेलं नाही, त्याला तीन वर्षांच्या आधी एक वर्ष फाउंडेशनचं. घर बांधायच्या आधी पाया खणतात तसं. गणित, इंग्रजी, अर्थशास्त्र आणि हिशेबाची तोंडओळख, असे चार विषय. चारी सुटले तर पहिल्या वर्षात पाऊल, एक अडकला तर परत वर्षभर खड्ड्यात.

पहिले दोन महिने सौम्याला डेबिट-क्रेडिटनं रडवलं. सर सांगायचे, हिला दोन्ही एकसारखेच दिसायचे. एक दिवस गेटवर बसल्या बसल्या लॉरी आत आली आणि हिच्या डोक्यात ते बसलं. आत आली वस्तू ती डेबिट, बाहेर गेली ती क्रेडिट. कागद आत, डेबिट. खोकी बाहेर, क्रेडिट. त्या दिवशी तिनं एका ड्रायव्हरला पावती देताना "या, डेबिट झालात" म्हटलं. त्यानं गाडी उभी करून विचारलं, "म्हंजे दंड काय?"

घरी मात्र ह्या अभ्यासानं एकदा आग लावली होती. घसारा शिकत होती. वस्तू वापरात झिजते, दरसाल तिची किंमत उतरत जाते, तो घसारा. सरावाला काय घ्यावं म्हणून तिनं भिंतीवरची तलवार घेतली. बडबडत गणित केलं आणि उत्तर काढलं, किंमत शून्य. रघुनाथराव मागं उभे.

"तलवारीचा घसारा काढतीस?"

"सुम्मने प्रॅक्टिसला, मामा."

"माझापण काढ की मग. मी पण झिजलोय."

त्यानंतर दोन दिवस त्यांनी तिच्या हातचा चहा घेतला नाही. गिरिजाबाई म्हणाली, "बरं झालं, दूध वाचलं."

गणित, इंग्रजी, अर्थशास्त्र सुटले. राहिला हिशेब, त्याची परीक्षा दसरा झाल्यावर सोमवारी. म्हणून तर सौम्यानं निवांत मनानं लॅपटॉप पूजेला दिला होता.

पूजा आटोपली, आरती झाली आणि सौम्या फोन घेऊन ओट्यावर बसली. वर्गाच्या ग्रुपवर कालपासनं सणाच्या शुभेच्छांचा पाऊस. झेंडू, हत्ती, देवी चामुंडेश्वरी, परत हत्ती. बोटानं वर सरकवता सरकवता मधेच एक कोरडा निरोप दिसला, काल संध्याकाळचा. विद्यापीठाचं परीक्षेचं खातं दुसऱ्या राज्यात बसतं, तिथनं आलेला. हिशेबाची परीक्षा सोमवारऐवजी आज दुपारी दोनला. पुन्हा घेतली जाणार नाही.

सौम्या उठली ती सरळ पूजेपुढं.

"मामा, मला लॅपटॉप लागतोय."

"उद्या घे."

"आज दोनला परीक्षा हाय. फोनवर चालत न्हाई. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर पण न्हाई, माझ्या नावानं नोंदलेला हाच हाय."

"मग त्यांना सांग, आज खंडेनवमी हाय."

"कुणाला सांगू? तिथं कोण फोन उचलतंय?"

"मग न्हाई देता येत. आजवर ह्या घरात पूजेतलं हत्यार कुणी मधे उचललेलं न्हाई."

सौम्यानं नवऱ्याकडं बघितलं. भुवन जानव्यासारखा खांद्यावर टॉवेल अडकवून उभा.

"बाबा म्हणतात ते..." तो म्हणाला.

"त्यांचं ऐकलं मी. तू काय म्हणतोस?"

"मी काय म्हणणार?"

"तेच. तू कधी काय म्हणालायस?" मग सासऱ्याकडं वळून ती म्हणाली, आवाज न चढवता, "मामा, वर्ष घातलंय मी ह्याच्यात. कामावरनं येऊन, भांडी घासून. परत पहिल्यापासनं करायची ताकद न्हाई माझ्यात. दोनला पाव तास कमी असताना मी ते उचलणार. तोवर तुम्ही मनाची तयारी करा."

"उचलून बघ," रघुनाथराव म्हणाले आणि पूजेपुढं पाट टाकून बसले. पाठ ताठ.

सौम्या आत जाऊन पुस्तक उघडून बसली. डोळे ओळींवर होते, कान बाहेर.

हे सगळं गिरिजाबाईनं स्वयंपाकघराच्या दारातनं ऐकलं. ती सुनेची फार लाडकी सासू होती असं कुणी समजू नये. दोघींचं मिठाच्या बरणीवरनं पण वाजायचं. पण सौम्या रात्री खोकायला लागली की भिंतीपलीकडं गिरिजाबाईची झोप उडायची आणि ही पोरगी गेटवर बसते तोवर आपल्याला झोप नाही, हा हिशेब तिनं कुठल्या विद्यापीठात न जाता केलेला होता. तिनं पदराला हात पुसले, तांदळाचं सूप बाजूला सारलं, उंबऱ्यात येऊन बसली आणि पानाचा डबा उघडला.

खंडेनवमीचं मटण घरात येऊन पडलेलं. जेवायला दत्तोजीराव यायचे होते, रघुनाथरावांचे घोडदळातले सोबती. भूक त्यांची तेव्हापासनं प्रसिद्ध. ते आले, चप्पल काढता काढताच त्यांनी नाक वर केलं.

"वहिनी, वास न्हाई आला?"

"कशाचा येणार? चूल पेटली न्हाई."

"याके? काय झालं?"

"लायटर पूजेत हाय. विळी पूजेत हाय. मिक्सर पूजेत हाय. उद्या उत्तरपूजा झाली की लागते स्वयंपाकाला."

रघुनाथराव पाटावरनं वळले. "अगं, विळी तू दरसाल उचलतीसच की!"

"चुकत होतं माझं. गुपचूप हात जोडायचे, विळी काढायची, तुमचा मसाला वाटायचा. आज कळलं, ह्या घरात पूजेतलं हत्यार कुणी उचलत न्हाई. मी तरी कशाला शौर्य घालवू?"

"विळी नि हे एकच काय?"

"एक कसं असंल? विळीनं घर जेवलंय. तुमच्या तलवारीनं माझ्या जन्मात एक कांदा चिरला न्हाई."

दत्तोजीराव खुर्चीवर टेकले. "वहिनी, मटणाचं मग..."

"हाय की. कच्चं. खाताय?"

भुवननं हसू टॉवेलात लपवलं. आत पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज आला नाही.

दत्तोजीरावांनी सगळं प्रकरण विचारून घेतलं. मग गुडघ्यावर हात आपटला. "रघुनाथा, एक सांग मला. खंडेनवमीला सकाळी घोड्यांची पूजा व्हायची आपल्याकडं. अल्वा, होय ना?"

"व्हायची."

"कपाळाला कुंकू, गळ्यात माळ. आणि रात्रीच्या गस्तीला आपण काय पायी जात होतो? पूजा झाली म्हणून घोडा तबेल्यात ठेवून?"

"घोड्याची गोष्ट वेगळी. घोडा जिवंत असतोय. कामाचा असतोय."

"मग हे काय मेलंय? पोरगी रोज रात्री वायर लावून ठेवत न्हाई काय त्याला, वैरण घातल्यागत?"

रघुनाथरावांनी तलवारीकडं बघितलं, विळीकडं बघितलं. बाहेर कुणीतरी नजर काढायला गाडीपुढं कोहळा फोडला, त्याचा फट्ट आवाज आला.

"सौम्या," त्यांनी हाक मारली.

ती आली. चेहरा उतरलेला, पण पदर खोचलेला. उचलायची तयारी करूनच आलेली.

"तू हात लावू नकोस. पूजा मी मांडलीय, मी उचलतो. काय लागायचं ते मला लागू दे." त्यांनी हात जोडले, लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला, झेंडूचं फूल बाजूला ठेवलं आणि तिच्या हातात दिला. "आणि विळी पण घेऊन जा म्हणावं तिला. तो दत्तोजी कच्चं खाईल न्हाईतर."

सौम्या खोलीत बसली, लॅपटॉप सुरू केला. परीक्षेच्या आधी कॅमेऱ्यात तोंड दाखवायचं असतं, नोंदलेल्या फोटोशी जुळलं तरच पेपर उघडतो. पडद्यावर तोंडाच्या जागी तांबडा-पिवळा अंधार.

"आत्या!" ती ओरडली. "मला मीच दिसत न्हाई!"

कॅमेरा असतो वरच्या काठाच्या मध्यावर. ठिपक्याएवढा. सकाळी सासऱ्यानं नेमकं तिथंच कपाळ समजून हळद ओढलेली, आणि ती आता वाळून घट्ट बसलेली. गिरिजाबाई पदराचं टोक घेऊन धावली. घासल्यावर ती हळद आणखीच पसरली. रघुनाथराव दारात येऊन उभे, पहिल्यांदाच पाठ जराशी वाकलेली. "मीच लावलं," ते म्हणाले, "तूच वर लाव म्हणालीस..."

"सरका सगळे," भुवन म्हणाला.

त्या घरात त्याचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. देवापुढची एक फुलवात उचलून त्यानं पाण्यात बुडवून पिळली. कारखान्यात मायक्रोमीटरचं तोंड पुसतो तसा श्वास धरून तो ठिपका पुसायला लागला. एक वात पिवळी झाली. दुसरी घेतली. तिसऱ्या वातीला पडद्यावर सौम्याचं नाक उमटलं, मग डोळे, मग सगळी सौम्या.

"आता दिसतीस," तो म्हणाला. "जरा तोंड पूस, घाम आलाय."

फोटो जुळला. खोलीत दुसरं कुणी दिसता कामा नये, आवाज येता कामा नये, असा नियम होता. रघुनाथरावांनी दार ओढलं आणि बाहेर काठी घेऊन उभे राहिले. शेजारचे प्रसाद घेऊन आले, त्यांना खुणेनंच परत पाठवलं. कोहळा फोडायला निघालेल्या रिक्षावाल्याला सांगितलं, गल्लीच्या तोंडाशी फोड, तिथं पण देवच हाय. गिरिजाबाईनं मटणाचं ताट आणून दिलं तर उभ्यानंच जेवले. काठी काखेत, ताट हातात.

आत सौम्यानं पहिला प्रश्न वाचला, समजला नाही. दुसरा वाचला, समजला. तिथनं सुरू केलं. एक ताळेबंद कितीही केला तरी दोन्ही बाजूनं जुळेना, तो तिनं तसाच सोडला आणि पुढं गेली. बाहेर आली ती सरळ जेवायला बसली. गिरिजाबाईनं तिच्यापुढं ताट ठेवलं. "रस्सा तिखट झालाय. मिक्सर रुसलाय काय की."

निकाल आठवड्यानं आला, फोनवर, गेटवर बसलेली असताना. पास व्हायला चाळीस लागत होते, बावन्न पडले. सौम्यानं आकडा दोनदा वाचला. भुवनला फोन केला, लेथच्या आवाजात त्याला नीट ऐकू गेलं नाही, पण हसणं ऐकू गेलं. मामांना निरोप धाडला. त्यांचं उत्तर आलं: 'ठीक. आता घोडा तीन वर्षं पळायला पाहिजे.'

अजून तीन वर्षं. काचेच्या खोलीतल्या साहेबानं, ही शिकतेय ऐकून, एवढंच म्हटलं होतं, पहिलं वर्ष काढ, मग बघू. त्यानं बघू म्हटलं, ह्यावर ती खूश होती. नाही म्हणाला नव्हता.

तेवढ्यात नंजनगूडकडनं कागदाची लॉरी आली, धूळ उडवत थेट गेटाशी थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. सौम्यानं ओढणी नाकावर ओढली, खोकली आणि पावतीपुस्तक उघडलं.

"रिळं किती?" तिनं विचारलं. "खाली उतरा, मोजून घेते."