दाराबाहेरच्या आत्याबाई

मी खोलीत सतरंजी टाकली की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दार ओढून घेऊन बाहेर ठाण मांडत. कुणी डोकावलं की खेकसत, "सून येयाम करतीया. व्हय, बाळंतीनच करतीया! काय म्हननं हाय?" नव्वदच्या दशकातलं कर्जतजवळचं खेडं ते. बाळंतिणीचा व्यायाम म्हटल्यावर बायका पदरात तोंड लपवून हसायच्या.

भिंगारला माझ्या माहेरी दवाखान्यातल्या मॅडमनी तो शिकवला होता. उताणं झोपायचं, गुडघे दुमडायचे, श्वास सोडताना ओटीपोट आणि खालचं अंग आत ओढून धरायचं. आता माझी सून त्यालाच पिलाटेस म्हणते. मला कंटाळा यायचा, पण आत्याबाई सोडतील तर शपथ! पाण्याच्या हंड्याला तर हातही लावू देत नसत. "आदी आतून घट्ट हो, मग काय उचलायचं ते उचल," हे त्यांचं पालुपद. सासू मिळावी तर अशी, म्हणून मी आपली मिरवत होते.

दिवाळीला नणंद आली, कमलताई. खोकला आला की लघवी सुटेल म्हणून बिचारी पाय आवळून उभी राहायची. एसटीत बसायचं म्हटलं की तिला धडकी भरायची. आईला माझ्या दाराशी राखण करताना पाहून ती म्हणाली, "वयनीला बरं जपतीस गं. मी बाळंतीन हुते तवा कांदा काढायला आलता, तर माज्या डोक्यावर हंडा दिलास. पिशवी खाली सरकून अंग बाहेर आलं माजं. सासरात न्हाई, हितं, माहेरात!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ज्या मायेवर लोळत होते, ती कमलताईच्या वाट्याची होती.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी स्वतः माझ्याशेजारी आणखी एक सतरंजी अंथरली. "कमल, माज्यावर राग धर, पन येयाम कर," म्हणाल्या आणि बाहेर जाऊन बसल्या.

कमलताईनं सासरी गेल्यावरही नेट धरला, दवाखानाही केला. पुरतं बरं झालं नाही, पण वर्षभरानं आली ती एसटीतून आरामात, आणि अंगणात खदखदून हसली. आम्हीही हसलो. आत्याबाई तेवढ्या चुलीपुढं जाऊन डोळे पुसत बसल्या. पुढं त्यांनी लेकीला त्या घरात साधी घागर उचलू दिली नाही.

शेवटच्या आजारात त्यांच्या अंगावर नुसती हाडं उरली होती. कूस बदलायला कमलताईनं आईच्या पाठीखाली हात घातला, तशी त्यांनी बाजेची कड घट्ट धरली.

"नगं बाई, मला उचलू नगं," त्या म्हणाल्या. "लई जड हाय मी."